भोई बदलतात, वाट बदलते का?

१९३१ सालच्या १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे सोलापूरचे चौघे येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला होता. त्या धामधुमीतल्या खटल्याचा हा शेवट होता. त्याच दिवसांत लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बॅ. मुकुंदराव जयकर तिथे प्रतिनिधी म्हणून बसले होते. अध्यक्षस्थानी होते ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड. हे मॅक्डोनल्ड हिंदुस्थानचे वैरी नव्हते. १९११ सालच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना देऊ केले गेले होते. त्यांचा मजूर पक्ष हा आपल्या लोकांना सर्वांत जवळचा वाटणारा ब्रिटिश पक्ष. हुजूर पक्षाला हरवून तो १९२९ मध्ये सत्तेवर आला होता. पंतप्रधान बदलला होता, पक्ष बदलला होता, भारतमंत्री बदलला होता. येरवड्याच्या फाशीघरात मात्र काही बदलले नव्हते.

या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो. ब्रिटनमध्ये नेता बदलला की सरकारचे धोरण खरोखर बदलते का? प्रश्न वरवर परक्या देशाचा आहे. पण महाराष्ट्राने त्याच्यावर शंभर वर्षांपूर्वी इतका कडाक्याचा वाद घातला आहे की, तो आपल्याला परका म्हणता येत नाही.

१९०५ च्या डिसेंबरात लंडनमध्ये उदारमतवादी पक्षाचे सरकार आले आणि जॉन मोर्ले भारतमंत्री झाले. मोर्ले म्हणजे मिलच्या परंपरेतले विचारवंत आणि ग्लॅडस्टनचे चरित्रकार. गोपाळ कृष्ण गोखल्यांना वाटले, आपले म्हणणे ऐकणारा माणूस शेवटी त्या खुर्चीवर बसला. ते इंग्लंडला गेले, मोर्ल्यांना भेटले, चिकाटीने बोलत राहिले. टिळकांनी १९०७ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या भाषणात याच्या उलट बजावले: तिकडचा पक्ष बदलला म्हणून इकडची नोकरशाही बदलत नाही. पुढे काय झाले? मोर्ल्यांनी बंगालची फाळणी ही ठरून गेलेली गोष्ट मानली. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले, तेव्हा भारतमंत्री मोर्लेच होते. टिळक खरे ठरले असे म्हणून इथे थांबता आले असते. पण १९०९ चा सुधारणा कायदा त्याच मोर्ल्यांच्या काळात झाला, आणि ठरून गेलेली ती फाळणी १९११ मध्ये उदारमतवादी सरकारच्याच कारकिर्दीत रद्द झाली. स्वतः टिळक १९१८-१९ मध्ये लंडनला राहिले, तेव्हा त्यांनी मजूर पक्षाशी संबंध जोडले. पक्ष बदलून काही होत नाही असे त्यांचे ठाम मत असते, तर त्यांनी ही मेहनत घेतलीच नसती.

त्या मेहनतीचे फळ दिसायला १९४५ साल उजाडावे लागले. मजूर पक्ष ३९३ जागा जिंकून आला, क्लेमंट ॲटली पंतप्रधान झाले आणि २० फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी जाहीर केले की जून १९४८ पर्यंत ब्रिटन हिंदुस्थानातली सत्ता सोडेल. हेच ॲटली १९२८ मध्ये सायमन कमिशनचे सदस्य म्हणून मुंबईच्या बंदरात उतरले होते आणि त्यांच्यासमोर काळी निशाणे फडकली होती. मॅक्डोनल्डना जे जमले नाही ते ॲटलींना का जमले? ॲटलींचा निर्धार हे त्याचे एक कारण आहे. चर्चिल पंतप्रधान राहिले असते तर तारीख पुढे गेली असती, असे मानायला जागा आहे. पण मधल्या काळात युद्धाने ब्रिटनची तिजोरी रिकामी केली होती. देश अमेरिकेच्या कर्जावर उभा होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या ‘तलवार’ तळावरच्या खलाशांनी बंड केले तेव्हा कोणाच्या बळावर राज्य करायचे हा प्रश्न उघडा पडला होता. आणि ज्या ॲटलींनी फेब्रुवारीत हिंदुस्थान सोडण्याची तारीख दिली, त्यांनीच जानेवारी १९४७ मध्ये मोजक्या मंत्र्यांच्या गुप्त बैठकीत ब्रिटनने स्वतःचा अणुबॉम्ब बनवावा असा निर्णय घेतला. एकाच माणसाच्या हातून दोन महिन्यांत साम्राज्याचा त्याग झाला आणि महासत्तेच्या हट्टाची सोयही झाली. नेता धोरण बदलतो की नाही, याचे होकारार्थी किंवा नकारार्थी एकच उत्तर शोधणाऱ्याने हे दोन महिने डोळ्यांसमोर ठेवावेत.

हा प्रश्न आज पुन्हा घ्यावासा वाटला त्याला कारण आहे. १९७९ पासून २००७ पर्यंतच्या अठ्ठावीस वर्षांत ब्रिटनने मार्गारेट थॅचर, जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर असे तीन पंतप्रधान पाहिले. त्यानंतर जुलै २०१६ ते जुलै २०२४ या आठ वर्षांत थेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक आणि कीर स्टार्मर असे पाच नवे पंतप्रधान दहा डाउनिंग स्ट्रीटच्या काळ्या दारातून आत गेले. नेते इतक्या वेगाने बदलत असताना धोरणांचे काय होते, हे पाहण्याची अशी संधी वारंवार येत नाही.

आधी त्या दारामागची रचना समजून घ्यायला हवी. ब्रिटनमध्ये निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी सत्तांतर होते. जुना पंतप्रधान सकाळी राजवाड्यावर राजीनामा देतो आणि नवा दुपारपर्यंत दहा नंबरच्या घरात असतो. आत गेल्यावर कर्मचारी दोन्ही बाजूंना उभे राहून टाळ्या वाजवून त्याचे स्वागत करतात. हे कर्मचारी कालही तिथेच होते. नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांच्या १८५४ च्या अहवालापासून तिथली सनदी सेवा परीक्षा देऊन आलेली, कायम आणि पक्षनिरपेक्ष आहे. सरकारबरोबर शंभरएक मंत्री आणि त्यांचे राजकीय सल्लागार बदलतात. खात्यांचे स्थायी सचिव बदलत नाहीत. निवडणुकीआधी विरोधी पक्षाने या सचिवांशी बोलून आपले बेत समजावून सांगावेत, अशी प्रथाही १९६४ पासून आहे. म्हणून नवा मंत्री खुर्चीवर बसतो तेव्हा त्याच्याच जाहीरनाम्यावर तयार केलेली टिपणे टेबलावर असतात. काय करता येईल ते त्यात लिहिलेले असते, आणि काय करता येणार नाही व का, तेही. या यंत्रणेला कटकारस्थानी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ती देशाची स्मरणशक्ती आहे. स्मरणशक्ती माणसाला सांभाळते आणि जुन्या सवयींत अडकवूनही ठेवते.

या यंत्रणेशी उघड सामना केला तो लिझ ट्रस यांनी. ६ सप्टेंबर २०२२ रोजी त्या पंतप्रधान झाल्या. दोनच दिवसांत अर्थखात्याचे स्थायी सचिव टॉम स्कॉलर यांना जावे लागले. २३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. स्वतंत्र अर्थअंदाज देणाऱ्या कार्यालयाकडून तिचा हिशेब करून घेतला नव्हता. तीन दिवसांत पौंड डॉलरच्या तुलनेत इतिहासातल्या नीचांकाला गेला. सरकारी कर्जरोख्यांचे भाव कोसळले आणि निवृत्तिवेतन निधी अडचणीत आले. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीसाठी उतरावे लागले. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले. १७ तारखेला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी जवळजवळ सगळी कपात मागे घेतली आणि २५ तारखेला ट्रस पायउतार झाल्या. पक्ष तोच, बहुमत तेच, नेता नवा आणि धोरण अगदी नवे. आणि ते धोरण महिनाभरही टिकले नाही. कर्ज देणारा बाजार हा ब्रिटनच्या मंत्रिमंडळातला अदृश्य सभासद आहे. मजूर पक्षाचे जेम्स कॅलॅहन यांना हे १९७६ मध्येच उमगले होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज घेताना त्यांच्या सरकारला खर्च आवळावा लागला. काटकसरीचे जे पर्व आपण थॅचरबाईंच्या नावावर मांडतो, त्याची पहिली पावले त्यांच्या आधीच्या मजूर सरकारने टाकली होती.

जिथे बाजाराचा संबंध नाही तिथेही वाट सहसा तीच राहते. अण्वस्त्रांचेच पाहा. ॲटलींनी सुरुवात केली. मॅकमिलन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेकडून पोलॅरिस क्षेपणास्त्रे मिळवली. या कराराची फेरवाटाघाट करू असे म्हणत हॅरॉल्ड विल्सन १९६४ मध्ये निवडून आले आणि त्यांनी तो करार चालू ठेवला. थॅचर यांनी ट्रायडंट निवडले, ब्लेअर यांनी त्याच्या नूतनीकरणाला मान्यता घेतली, मे यांच्या काळात २०१६ मध्ये संसदेने ते ४७२ विरुद्ध ११७ मतांनी कायम केले. १९६९ पासून ब्रिटनची एक तरी अण्वस्त्रसज्ज पाणबुडी सतत समुद्रात आहे. प्रत्येक नवा पंतप्रधान सुरुवातीच्या दिवसांतच चार पाणबुड्यांच्या कप्तानांसाठी स्वहस्ते चार पत्रे लिहितो: देश नष्ट झाला तर काय करावे, याचा आदेश. पत्रातला मजकूर त्याचा एकट्याचा असतो. पाणबुड्या मात्र त्याला वारशाने मिळालेल्या असतात.

सातत्याची आणखी एक जात आहे, आणि ती अधिक दुःखद आहे: काहीच न करण्याचे सातत्य. वृद्धांच्या देखभालीचा खर्च कोणी करायचा? ब्लेअर सरकारने नेमलेल्या आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. २०११ मध्ये डिलनॉट समितीने सुचवले की माणसाने आयुष्यभरात यासाठी किती पैसे भरायचे, त्याला मर्यादा असावी. २०१४ मध्ये तसा कायदा झाला. २०१५ मध्ये अंमलबजावणी पुढे ढकलली आणि मग ती बारगळली. २०२१ मध्ये जॉन्सन यांनी ८६ हजार पौंडांची मर्यादा जाहीर केली. २०२२ मध्ये हंट यांनी ती पुन्हा पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ती रद्द केली. पाव शतकात आठ पंतप्रधान झाले. प्रत्येकाला प्रश्न कळला होता, आणि तरी स्मृती हरवलेल्या आईच्या देखभालीसाठी घर विकणारा मुलगा आजही तिथे घर विकतोच आहे.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग सगळे सारखेच. हे पुस्तक त्या निष्कर्षाच्या विरोधात आहे.

धोरण खरोखर बदलले की नाही हे ओळखायला मी एक कसोटी वापरली आहे. नेत्याने काय जाहीर केले, यावर बदल मोजायचा नाही. त्याला हरवून आलेल्या विरोधकाने त्यातले काय मोडले नाही, यावर मोजायचा. ॲटली सरकारचे आरोग्य सेवेचे विधेयक १९४६ मध्ये संसदेत आले तेव्हा हुजूर पक्षाने विरोधी मत दिले होते. ५ जुलै १९४८ रोजी ती सेवा सुरू झाली. १९५१ मध्ये चर्चिल परत आले आणि त्यांनी ती कायम ठेवली. तिथे धोरण बदलले. थॅचर यांनी दहा लाखांहून अधिक सरकारी घरे भाडेकरूंना विकली, दूरसंचार आणि गॅस खासगी केले, कामगार संघटनांना कायद्याने बांधले आणि उत्पन्नावरचा सर्वोच्च कर ८३ टक्क्यांवरून ४० वर आणला. १९९७ मध्ये ब्लेअर प्रचंड बहुमताने आले. त्यांनी कंपन्या परत घेतल्या नाहीत, संघटनांविषयीचे कायदे बहुतांशी राहू दिले, आणि ४० टक्क्यांचा तो दर मजूर पक्षाने एप्रिल २०१० पर्यंत, म्हणजे सत्ता जायच्या आदल्या महिन्यापर्यंत, हलवला नाही. तिथेही धोरण बदलले. ब्लेअर यांनी १९९९ मध्ये किमान वेतन लागू केले तेव्हा ते ताशी ३.६० पौंड होते. हुजूर पक्षाने या कायद्याला कडवा विरोध केला होता. २०१६ मध्ये त्याच पक्षाच्या जॉर्ज ऑस्बोर्न यांनी पंचविशीपुढच्या कामगारांसाठी ते ७.२० वर नेले. जॉन्सन यांनी युरोपीय संघातून देशाला ज्या तऱ्हेने बाहेर काढले, तिच्यातला गाभा स्टार्मर यांनीही स्वीकारला: एकल बाजारात परत जायचे नाही. उलट निर्वासितांना रवांडाला पाठवण्याची योजना तीन पंतप्रधानांनी रेटली, तिच्यावर कोट्यवधी पौंड गेले, आणि स्टार्मर आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती संपली. तिला धोरण म्हणण्यापेक्षा दीर्घ घोषणा म्हणणे योग्य.

या कसोटीवर उतरलेल्या बदलांकडे पाहिले की त्यांच्यात एक साम्य दिसते. १९४५ च्या आधी युद्ध होते, १९७९ च्या आधी महागाई आणि संपांचा तो कडक हिवाळा होता. जुनी वाट खचली होती हे सामान्य माणसालाही दिसत होते. नव्या वाटेचा आराखडा आधीच लिहून तयार होता: सामाजिक सुरक्षेविषयीचा बेव्हरिजचा अहवाल १९४२ मध्येच आला होता, आणि बेव्हरिज मजूर पक्षाचे नव्हते. संसदेत भक्कम बहुमत होते. या तिन्ही गोष्टी जुळल्या आणि त्या क्षणी ठाम माणूस खुर्चीवर असला, तरच वाट बदलते. माणूस ठाम असला आणि बाकीचे जुळले नाही, तर ट्रस होतो. सगळे जुळून आले आणि माणूसच कचरला, तर संधी पिढीभरासाठी जाते.

तरीही काही निर्णय असे असतात की, तिथे एका माणसाचा स्वभावच धोरण होऊन बसतो. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये सैन्य मागितले तेव्हा विल्सन यांनी ते दिले नाही. अमेरिकेने इराकमध्ये साथ मागितली तेव्हा ब्लेअर यांनी ती दिली. दोघे मजूर पक्षाचे होते आणि अमेरिकेशी असलेली मैत्री दोघांनाही मोलाची होती. लंडनच्या रस्त्यांवर उतरलेला जनसागर, मंत्री रॉबिन कुक यांचा राजीनामा, स्वपक्षातले बंड, यांतले काहीही ब्लेअर यांना थांबवू शकले नाही. हुजूर पक्ष त्यांच्या बाजूने होता आणि १८ मार्च २००३ रोजी संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली. त्या एका स्वभावाची किंमत मोजणाऱ्या इराकी घरांना ‘सगळे सारखेच’ हे वाक्य कोणी ऐकवू नये.

आणि लहान वाटणारे बदल ज्यांच्या अंगावर येतात त्यांना ते लहान नसतात. शिकल्यानंतर ब्रिटनमध्ये राहून काम करण्याची सोय थेरेसा मे गृहमंत्री असताना २०१२ मध्ये बंद झाली. त्यांच्याच पक्षाच्या जॉन्सन सरकारने २०१९ मध्ये ती परत आणण्याचे जाहीर केले आणि २०२१ मध्ये ती दोन वर्षांच्या मुदतीने सुरू झाली. सुनक यांच्या काळात, जानेवारी २०२४ पासून, बहुतेक विद्यार्थ्यांना पती-पत्नी किंवा मुले सोबत नेणे बंद झाले. मजूर सरकारने ते निर्बंध उठवले नाहीत. उलट २०२५ मध्ये दोन वर्षांची मुदत अठरा महिन्यांवर आणायचे ठरवले. पुण्या-नाशिकच्या ज्या घरांनी कर्ज काढून मुलीला लीड्स किंवा मँचेस्टरला पाठवले, त्यांच्या हिशेबात हे सहा महिने फार मोठे आहेत. या मालिकेत पक्षापेक्षा व्यक्ती आणि व्यक्तीपेक्षा त्या वर्षीची हवा जास्त बोलते. हीच हवा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला भारताशी मुक्त व्यापाराचा करार जानेवारी २०२२ मध्ये जॉन्सन यांच्या काळात बोलणीला लागला आणि ट्रस, सुनक यांच्या हातांतून जात २४ जुलै २०२५ रोजी स्टार्मर यांच्या काळात त्याच्यावर सह्या झाल्या. भोई चार झाले, पालखी एकाच वाटेने गेली.

या पुस्तकातले लेख याच क्रमाने रचले आहेत. पहिल्या भागात साम्राज्याचा काळ आहे, कारण आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न स्वतःच्या जिवावर तपासला. दुसऱ्यात १९४५ आणि १९७९ ही दोन मोठी वळणे आहेत. तिसऱ्यात न बदललेल्या गोष्टी आणि चौथ्यात गेल्या काही वर्षांतली धावपळ. परराष्ट्र आणि अर्थ या खात्यांना जास्त पाने दिली आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या स्वतंत्र विधिमंडळांचा विषय मोठा आहे. त्याला इथे हात घातलेला नाही.

वाचकांना एकच विनंती आहे. पुढच्या वेळी दहा नंबरच्या दारासमोर नवा चेहरा उभा राहील तेव्हा त्याचे भाषण जरूर ऐका. पण ते ऐकताना तीन गोष्टी विचारा: जुनी वाट खरोखर खचली आहे का, नवीचा आराखडा कोणी लिहून ठेवला आहे का, आणि याचे विरोधक उद्या आले तर यातले काय तसेच ठेवतील. गोखल्यांची आशा आणि टिळकांची शंका या दोन्ही एकत्र बाळगल्या, तरच या प्रश्नाचे उत्तर हाती लागते.